आवक-जावक

हविनाळे साहेब आज अभ्यागतांच्या बाकावर बसले.
डुगडुगतो तो बाक.
दुरुस्तीचं कोटेशन त्यांनीच परत पाठवलं होतं,
हिरव्या शाईत शेरा मारून : निकड दिसत नाही.

दस्तगीर सवयीने उठला,
पाण्याचा ग्लास घेऊन केबिनच्या दारापर्यंत गेला,
आठवलं तसा मागे वळला.

मे अखेरीला निरोप समारंभ झाला होता.
शाल, नारळ, पतसंस्थेकडून शेंगाचटणीचे दोन डबे.
मग परवानगीचा अर्ज आला,
खाजगी काम करू का म्हणून,
रीतसर, तीन प्रतींत.
मंजुरीही रीतसर, माझ्याच रजिस्टरात, पान एकशे बारा.
आता होटगी रोडला पाटी आहे : अनुपालन सल्लागार.
खाली झेरॉक्स, वर साहेब.

आम्ही त्यांना नाल्यावर पाहिलेलं आहे.
पहाटे चारला, अक्कलकोट रोडच्या पुलाखाली,
पँट गुडघ्यापर्यंत दुमडून.
काठीने पाणी ढवळायचे, बॅटरी मारायचे,
म्हणायचे, मोरपंखी. म्हणजे आज बोद्दुलकडे पाळी चालू.
डाळिंबी दिसलं की दुसरं नाव.
कुठल्या डाइंगमध्ये कुठली चादर रंगते आहे
हे सोलापुरात मालकांच्या आधी
त्यांना कळायचं.

"म्याकलबाई, बऱ्या आहात ना?"
बरी आहे, म्हटलं.
"बावीस वर्षं फुकट सांगत होतो. कुणी ऐकलं?
आता तासाचे पैसे घेतो,
तर बोद्दुलचा पोरगा वही काढून लिहून घेतो."
हसले. मीही हसले.
खोटं नव्हतं ते.

मग पाकीट पुढे सरकवलं.
संदर्भ : आपले पत्र.
ते पत्र त्यांचंच. नोकरीतल्या शेवटच्या आठवड्यातलं.
खाली उत्तर, तेही त्यांचंच,
सही तेवढी मालकाची.
मराठी तीच, करारी, एक वेलांटी चुकायची नाही.
फक्त जिथे 'आम्ही' होतं तिथे 'आपण' झालेलं,
आणि जिथे 'आपण' होतं तिथे 'आम्ही'.

मुद्दा क्रमांक तीन.
नमुन्याच्या बाटलीवरील लेबल
नियमानुसार चिकटवलेले नव्हते,
सबब अहवाल ग्राह्य धरू नये.

मी दोनदा वाचलं.
त्या पहाटे शिपाई रजेवर, म्हणून मी गेले होते.
डिंकाची बाटली वाळून खडा झालेली.
लेबलला मी थुंकी लावली होती.
पुलाखाली तेव्हा दोघंच होतो,
आणि साहेब म्हणाले होते,
"चालतं हो, इथे कोण बघतंय."

वर पाहिलं.
ते पंख्याकडे बघत होते.
पंखा बंद होता.

काय करायचं असतं अशा वेळी?
मी शाईच्या पॅडवर शिक्का दाबला,
तारीख फिरवली, मारला.
आवक. जांभळा, जरा फाटलेला.
पोच दिली.
त्यांनी पोच हातात धरली, वाचली,
खिशातलं हिरवं पेन अर्धं बाहेर काढलं,
कोपऱ्यात काही लिहायला,
आणि पुन्हा आत टाकलं.
जाताना म्हणाले, "हा बाक बदलून घ्या. पडेल एखादा."

संध्याकाळी स्कूटी पुलावर थांबवली.
आमच्या घरी अक्कांच्या विड्या मोजायच्या होत्या,
पाचव्या दिवशीचं पाणीही आज यायचं होतं,
तरी थांबले.

नाला बिनरंगाचा.
इतक्या वर्षांत पहिल्यांदा
कुणाची कुठली चादर, काही कळेना.
प्लँट चालू केला असेल. साहेबांनी सांगितलं असेल,
आणि पोराने वहीत लिहून घेतलं असेल.
किंवा वेळ बदलली असेल.
जीप कधी निघते, डिझेलची चिठ्ठी कुणाकडे अडते,
शिपाई कधी रजा टाकतो,
हेही त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक आहे?

काठी नव्हती माझ्याकडे.
वाकून बघत राहिले अंधार पडेपर्यंत.
अंधारात सगळंच पाणी सारखं दिसतं.
पहाटे चारला यायला हवं.
पण जीपच्या मागणीवर सही कुणाची घ्यायची,
हे मला साहेबांनाच विचारावं लागेल.