पेन्सिलीतला खुनी

देवगडच्या बर्फाच्या कारखान्यात माझी रात्रपाळी.
लाद्या गोठायला लागल्या
की दोन ते चार, पहिली होडी यायच्या आत,
मला दोन तास मिळतात
जे मालकाच्या हजेरीपुस्तकात नाहीत.
त्यात मी वाचतो.
आठवड्याला दोन पुस्तकं. मिठबावकरबाई तिसरं देत नाहीत.

भुताची आधी सांगतो, म्हणजे ती संपली.
त्यांत दिवा फडफडतो, कुत्रं रडतं,
आणि पन्नास पानं झाली की लेखक स्वतः येऊन
भुताची ओळख करून देतो,
लग्नात नवऱ्यामुलाच्या मामाची करून देतात तशी.
आमच्या शिवेवरच्या देवचाराची ओळख कुणी करून देत नाही.
त्याचं वर्षाचं ठरलेलं आहे:
कोंबडा, रोट, विडीचा कट्टा.
चुकलं तर तो आठवण करतो.
उधारी थकल्याची भीती ती. पुस्तकवाल्यांना ती ठाऊकच नाही,
त्यांची भुतं फुकट राबतात.
एकच खरं निघालं. त्यात एक बाई
रोज पाणी भरताना एक घागर जास्त मोजते.
बस्स. कोण, का, काही नाही.
त्या रात्री मी कॉम्प्रेसरचे ठोके मोजायला लागलो
आणि उजाडेपर्यंत थांबता येईना.

अद्भुताची जाड. उशाला बरी.
पहिल्या पानावर नकाशा: बंदर आहे, ओहोटी नाही.
चाळीस हजारांचं सैन्य डोंगर ओलांडतं
आणि जेवतं काय, हे राजाही विचारत नाही.
मी विचारतो. मला लाद्या मोजायची सवय.
तरी आणतो. कारण सहाशे पानांत एकदा
एक तरवाला चेटकिणीला खाडीपार नेतो
आणि भाडं म्हणून तिच्या नावांतलं एक मागतो,
आणि ती म्हणते, सुट्टं नाही.
त्या ओळीसाठी मी सहाशे पानांचा गाळ उपसतो.

आता गुप्तहेर.
जुना हवा. ज्याला फोन नाही, चालत जावं लागतं,
जो खुनाच्या घरी आधी चपला बघतो,
मग माणसं.
पण आमच्या वाचनालयातल्या दर गुप्तहेरकथेत
सतराव्या पानावर, समासात, पेन्सिलीने:
खुनी डॉक्टर.
खुनी धाकटी सून.
खुनी वकील, डावखुरा असणार.
दोन वर्षं मी त्या हाताला शिव्या घातल्या,
पुस्तकं अर्धी टाकून परत केली.
मग एकदा तापात पडून होतो, शेवटपर्यंत गेलो.
डॉक्टर नव्हता.
सूनही नव्हती.
एकवीस पुस्तकं तपासली, वहीत मांडली.
एकोणीस चूक.
म्हणजे हा गुपित फोडत नव्हता. ओळखत होता,
सतराव्याच पानावर, दर वेळी,
आणि हरला तरी खोडत नव्हता.

अक्षर बारीक. त्याचा 'ख' फुटका,
'रवुनी' वाचावं असा.
तो फुटका 'ख' मला सापडला कुठे,
तर कारखान्याच्या जुन्या वहीत:
मीठ रवरेदी. तेल रवर्च. पंप रवराब.
खाली सही, इस्माईल मुकादम.
माझ्या आधी याच खुर्चीवर सत्तावीस वर्षं.

गेलो. अंगणात जाळ्याची गाठ सोडवत बसला होता.
सगळं सांगितलं, वहीसकट.
विचारलं, शेवट वाचून नाव खोडावंसं नाही वाटलं?
म्हणाला,
"चार वाजले काय होडये येवचे.
शेवट कोण वाचतलो?"

मग बराच वेळ गाठीशीच.
"एकोणीस चुकले?
मगे दोन खंयचे बरोबर इले?"

मी म्हटलं, आठवत नाही.
वही माझ्या काखेतच होती.
त्याने मान वर केली नाही,
फक्त माझ्या चपलांकडे पाहिलं.