वाचून दाखवणं

कोल्हापूरहून निघताना सासूबाईंच्या डाव्या डोळ्यावर
हिरवी पट्टी, मांडीवर थेंबांची बाटली,
आणि कागलपर्यंत एकच धोशा:
'ए शालन, एन बरदार? काय लिवलंय?'

मी वाचत जाते. पंक्चर काढून मिळेल.
शुद्ध शाकाहारी. प्लॉट विकणे आहे, समक्ष भेटा.
त्या मान हलवतात,
दुधाचा हिशेब ऐकताना हलवतात तशी.

दूधगंगेचा पूल. पर्समध्ये फोन गुरगुरतो,
दुसऱ्या राज्यात स्वागत करतो.
काटा तांबड्यात गेलाय, तरी डिझेल भरलं नाही,
पलीकडं स्वस्त.

कोगनोळीचा नाका. पावती माझ्या हातात
आणि पुढं पाट्यांवर अक्षरं गोल गोल,
परातीत सांडलेल्या मोहरीसारखी.
आता अडाणी मी.

'अत्ती, काय लिहिलंय?'
कन्नड चौथी पास बाई
बोट काचेला लावून एका डोळ्यानं सांगतात:
टायर. खत-बियाणं. इथं थुंकू नये.
शेवटचं मनानंच घातलं असणार,
पाटीवर कोंबडीचं चित्र होतं.

निपाणीबाहेर एका फलकावर
वरच्या ओळीला डांबर, खालच्या ओळीलाही डांबर.
तिथं मी विचारलं नाही.
त्यांनीही नाही.
पट्टीची कड तेवढी दाबून बसवली.

तवंदीचा घाट चढून गाडी सपाटीला लागली,
दिवे लागले.
'ऊर बंतु,' म्हणाल्या,
'हळू घे. म्हशी असतील.'