पाच दिवसांच्या आत

सप्टेंबर लागला की ऑफिसात
पेट्रोलचा आणि ओल्या कुत्र्यांचा वास येतो.
एकेक जण बूट न पुसता आत शिरतो,
मी हिरवं कार्ड पुढे सरकवते.
नाव. पोस्टाची पेटी. घरात खाणारी तोंडं किती.
वर्षातून किती महिने इथं राहता?
या प्रश्नाला एव्हॉन दरवर्षी हसतो,
"जाऊ कुठं दुसरीकडे?" म्हणतो.
मी लिहिते: बारा.

कार्डाच्या पाठीवर छापलंय, हार्वेस्ट रिपोर्ट.
हार्वेस्ट म्हणजे सुगी.
जणू नदीकाठच्या वाळुंजांत
आम्हीच पेरला होता मूस
आणि आता कणसं मोजायची आहेत.
आमच्यात तो येतो,
ज्याच्याकडे यायचं त्याच्याकडे.
किती मिळाले ते मोठ्यानं बोलू नये,
बढाई त्याला मैलभरावरून ऐकू जाते.
मी बोलत नाही.
मी लिहिते, बारीक अक्षरात.

कारण एका वर्षी अर्ध्या गावानं
कार्डं चुलीत घातली, सरपण ओलं होतं म्हणून.
तिकडे शहरात कुणीतरी बेरीज केली.
बेरजेत आम्ही उपाशी दिसलो नाही,
आम्ही दिसलोच नाही.
पुढचा मोसम नऊ दिवसांनी आखडला.
तेव्हापासून मी दारोदार फिरते,
वसुलीला निघाल्यासारखी,
आणि लोक मला सुकवलेला सामन देऊन
विषय बदलतात.

लुकेरियाचा परवाना, बंदूक मकारची.
कायद्यात याला जागा आहे.
म्हाताऱ्या माणसासाठी दुसऱ्यानं नेम धरायचा,
त्याचा वेगळा फॉर्म.
सगळ्या फॉर्मांत मला तोच आवडतो,
त्यात 'कोणासाठी' असा रकाना आहे.

चार दिवस नदीवर. तीन दिवस नुसतं धुकं,
एक मोटर बंद, एक थर्मास बुडाला.
चौथ्या दिवशी तो स्वतःच पाण्यात उतरून उभा राहिला,
मकार एवढंच सांगतो.
नाकाचं सूप आधी तिला.
ती उशीला टेकून बसली, दोन वाट्या प्यायली,
मग हनुवटीनं दाखवत गेली:
बरगड्या त्या घरी, काळीज शाळेतल्या पोरीकडे,
मांडी कुणी हलवायची नाही.
दोन रात्रींनी ती गेली.

पाचव्या दिवशी मकार माझ्यासमोर कार्ड घेऊन उभा.
लाभार्थीची सही: कोरी.
मी शहरात फोन लावला.
पलीकडे कुणी तरुण मुलगा होता, नवा असावा.
"वाईट झालं," म्हणाला, आणि खरंच गप्प राहिला.
मागे कुणाचा तरी प्रिंटर चालू होता.
मग घसा साफ करून: "शिंगांची रुंदी किती, मॅडम?"

शिंगं बोटीत, बोट खालच्या वळणावर.
मकारनं दोन्ही हात पसरले.
मी शिवणाची टेप काढली,
या बोटापासून त्या बोटापर्यंत धरली.
सत्तेचाळीस इंच.
फोनवर सांगितलं. त्यानं उतरवून घेतलं,
आभार मानले, ठेवून दिला.
मकारचे हात तसेच होते,
सत्तेचाळीस इंच, मध्ये काहीच नाही.
मी टेप गुंडाळली. खूप वेळ गुंडाळत राहिले.

मांडी फ्रीझरमध्ये आहे,
चाळिसाव्या दिवसासाठी.
आता कळतं, ती का हलवायची नव्हती.

टपालाचं विमान त्या दिवशी उतरलंच नाही.
सहावा दिवस उजाडला.
मागची तारीख टाकता आली असती,
कोण बघतंय.
मी खरी टाकली.
उशिराचं कारण लिहायला
खाली एक ओळ होती, आखूड,
पेन्सिलनं आधी अजमावून पाहिली,
मग शाईनं लिहिलं:
नदीवर धुकं होतं.
लाभार्थी जेवून गेली.