सातत्य

पाचवीपासून प्रगतिपुस्तकावर एकच शेरा:
हुशार आहे, सातत्य नाही.
ब्रॅडफर्डला पाच जणांचा गट पडला,
कॅमेरा, आवाज, दिवे, दिग्दर्शन वाटून झालं
आणि बस चुकून उशिरा पोचलेल्या मला
उरलेलं काम मिळालं. सातत्य.
बाबांना फोनवर सांगितलं. बराच वेळ हसत होते.

फिल्म चार मिनिटांची, इफेओमाने लिहिलेली.
एक बाई नाण्यांवर चालणाऱ्या लाँड्रीत
कुणाचे तरी शर्ट धुते, वाळवते, घडी घालते
आणि तिथेच ठेवून जाते. संपलं.
लाँड्री गफारचाचांची, फक्त रविवारी, सात ते दहा.
बाई म्हणजे डोरीन ऍकरॉइड,
तीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात काढलेली.
येताना स्वतःचा थर्मास आणायची
आणि आम्हा सगळ्यांना ‘लव्ह’ म्हणायची,
वायरी गुंडाळणाऱ्या अबोल कॅलमलासुद्धा.

माझी वही:
कप डाव्या हातात, कान खिडकीकडे.
चहा काठापासून दोन बोटं खाली.
स्कार्फचं उजवं टोक लांब.
तीन नंबरचं मशीन फिरतंय, पाचचं दार उघडं.
घड्याळ नाही, कॅलमने साबणाच्या खोक्यामागे दडवलं.
बाहेर धुकं. तेही लिहिलं,
जणू पुढच्या रविवारी धुक्याला बोलावून आणता येणार होतं.

तीन रविवार मी तो दोन बोटं चहा सांभाळला,
जास्त झाला तर प्यायले, कमी पडला तर ओतला,
आणि खुद्द बोटांकडे पाहिलंच नाही.

दुसऱ्या रविवारी डोरीनच्या तर्जनीला चिकटपट्टी होती.
निळी. शाळेच्या स्वयंपाकघरातली,
भाजीत पडली तर दिसावी म्हणून निळी.
मला ती दिसली बारा दिवसांनी,
एडिटिंगच्या बिनखिडकीच्या खोलीत:
बोट उघडं, बोट निळं, बोट उघडं.

मी म्हटलं, दुसरा रविवार टाकून देऊ.
व्हिओलेटा चिप्स खात होती, बोलली नाही.
तिने पहिल्या रविवारचा चेहरा लावला. मग दुसऱ्याचा.
पुन्हा पहिल्याचा.
पुन्हा दुसऱ्याचा.
शर्टाची कॉलर सरळ करता करता
दुसऱ्या रविवारची डोरीन थांबते,
आणि त्या शर्टात आता कुणी नाही, हे न सांगता कळतं.
पहिल्या रविवारची नुसती कॉलर सरळ करते.

मग रात्रभर एकाच सांध्यावर बसलो.
पंचवीस चौकटींचा एक सेकंद.
सहा काढल्या, दोन परत घातल्या, एक पुन्हा काढली.
हात उचलून झाल्यावर नाही, उचलता उचलता कापायचं,
म्हणजे डोळा हातामागे धावतो,
बोटं मोजत बसत नाही.
इचलकरंजीत आत्या तुटलेला धागा सांधायची
आणि मग ताग्यावरून अंगठ्याचं नख फिरवायची.
नख अडलं, की उसव, पुन्हा सांध.
पहाटे चारला मी स्क्रीनवरून नख फिरवलं.
कॅलम पहिल्यांदाच हसला.

सभागृहात सत्तर माणसं. कुणाचं काही अडलं नाही.
मार्कांच्या कागदावर आलं, दुसरं मिनिट उत्तम.
डोरीन माझ्या शेजारी बसली होती, कोट न काढता.
दुसऱ्या मिनिटाला अंधारात
तिचा अंगठा आपल्या तर्जनीवर गेला,
जखम केव्हाच भरलेली.

बाहेर पायऱ्यांवर म्हणाली,
आदल्या दिवशी कीथलीला बहिणीचं घर रिकामं केलं,
फोटोच्या फ्रेमची काच लागली.
मग थर्मासचं झाकण घट्ट करत म्हणाली,
तेवढं ठेवलंत, बरं केलंत.
मी नुसतं हो म्हटलं.

वही अजून आहे.
त्या रविवारचं पान भरगच्च,
कपाचा कान, स्कार्फ, धुकं,
आणि खाली लाल पेनाने, दोनदा अधोरेखित:
चहाची पातळी बरोबर.