डावा कोपरा

रात्रीचे पावणेदोन. लोअर परळ, सातवा मजला.
एसी बंद करून सगळे गेलेत.
पडद्यावर ऑनिक्सची भिंत,
अंधेरीतल्या एका हॉटेलची, जे अजून उभंच नाही.
दगडामागे मी उजेड ठेवलाय
आणि दगड मख्ख.

"चमकतंय गं, पण पेटत नाहीये,"
निमकर सर म्हणाले होते.
फरक विचारला तर हवेत हात हलवले.
मी आकडा वाढवला: पाच, आठ, बारा.
शिरा विरघळल्या, भिंत पांढरीफटक,
जणू ट्यूबलाइटवर बटर पेपर.

दुपारी साकीनाक्याला जाऊन आले.
परकारचाचांच्या गाळ्यात कापल्या अॅक्रिलिकचा गोडूस, जळका वास.
"बाय, लाइट पाठीला चिकटवू नको.
चार बोटं लांब बसव.
उजेडाला पसरायला जागा लागते."
आणि पेटत्या पट्टीवर त्यांनी तळवा धरला.
बोटांच्या कडा लालबुंद झाल्या,
हाड मात्र दिसेना.

हाडं दाखवायचं काम बाबांचं.
शिवडीच्या इस्पितळात, एक्स-रेच्या खोलीत
भिंतीवर दुधी काचेची पेटी, आत दोन नळ्या.
डावी जुनी. फडफडायची, मग लागायची, तीही करडी.
बाबा ओली फिल्म चिमट्यात अडकवायचे
आणि कुणाच्या तरी बरगड्या उजळायच्या,
आडनावाशिवाय.
मी आठ वर्षांची, स्टुलावर उभी.
"हा डाग कसला?"
"पेटीचा," म्हणाले.
मग फिल्म जराशी उजवीकडे सरकवली.
डाग सोबत सरकला.
त्या दिवशी घरी येताना
त्यांनी मला न मागता शेंगदाणे घेऊन दिले.

आता दिवे चार बोटं मागे घेतलेत.
दगडाला जाडी दिली. उजेड आत शिरतो,
मुरतो, वाट चुकतो,
बाहेर येतो तो मधाच्या रंगाचा होऊन,
आत कुठे होता ते न सांगता.
डाव्या कोपऱ्यातली एक पट्टी
मी जराशी मंद केली.
फाइलमध्ये कारण लिहिलं नाही.

चारच्या सुमारास
रवाळ काळोखातून दाणा दाणा निवळत
भिंत आली.

सकाळी निमकर सर चहाचा कप घेऊन मागे उभे.
बराच वेळ काही बोललेच नाहीत.
"हां. पेटलं.
फक्त तो डावा कोपरा… कसला डाग आहे?"

"पेटीचा," मी म्हणाले
आणि चित्र सरकवून पाहिलं नाही.