निसटता कोन

नवतपाचा चौथा दिवस.
तांडापेठेतली कुत्री नालीत पोट टेकून.
कूलरमध्ये तिसरी बादली ओतून
शर्वरी लॅपटॉप उघडते:
आत्या, बघ, हा सूर्य.

काळा.
काहून गं, विझला का?

क्ष-किरणांत असाच दिसतो, म्हणे.
पृष्ठभाग थंड, सहाच हजार अंश.
सहाच!
आणि त्याच्या वर, जिथं खरं तर निवायला हवं,
तिथं या धगधगत्या कमानी,
चुंबकाच्या दोन टोकांत पाय रोवून उभ्या.
वीस लाख अंश.
एकेकीखालून पृथ्वी निघून जाईल,
डोक्यावरचा पदरही न घसरता.

एकतीस वर्षं मेडिकलच्या नऊ नंबरच्या खोलीत
मी छात्या काढल्या. श्वास घ्या. धरा. सोडा.
माझ्या फिल्मवर पांढरं म्हणजे किरण अडले तिथं:
हाड, पाणी, गाठ.
हिच्या चित्रात पांढरं म्हणजे निघाले तिथून.
एवढं समजायला मला अख्खा कप चहा लागला.

हे किरण इथवर येतच नाहीत, ती सांगते,
हवा गिळते त्यांना
(हीच, आपल्याला भाजणारी),
म्हणून दुर्बीण पार हवेच्या बाहेर.
आणि आरशावर सरळ पडले तर आत शिरून हरवतात.
तळ्यावर चपटा दगड फेकावा तसे
नुसते घासून गेले,
तरच वळतात. तरच चित्र.

माझा हात कपावरच राहिला.

चौऱ्याण्णव साली स्टँडसमोर
बा उभा होता, सदरा काढून,
छातीत चाळीस वर्षांचं सूत.
फिल्म ओलीच उजेडावर धरली.
मग खिडकीकडे बघत म्हटलं,
बा, अजून वाळली नाही, उद्या ये.
माझ्या गालावरून त्यानं काय ते वाचलं असावं.
त्या रात्री मागावरचं अर्धं लुगडं
त्यानं पुरं केलं.

पण एवढी धग येते कुठून?
नक्की नाही गं अजून. एक म्हणणं असं,
की धागे एकमेकांत पिळतात, गुंततात,
आणि बारीक बारीक तुटत राहतात.

तुटलेला धागा बा थुंकी लावून
दोन बोटांत सांधायचा. बघायचाही नाही.

वीज गेली. कूलर घरघरून थांबला.
खोलीत तेवढा तो काळा गोळा,
बॅटरी सत्तावीस टक्के,
आणि कडेला एक कमान, श्वास धरलेली.

सवयीनं मी म्हटलं, सोडा.