ऋणाग्र

दिवसाच्या शाळेची प्रयोगशाळा सहाला बंद होते
आणि आमची रात्रशाळा साडेसहाला भरते.
चावी कोणाकडे असते, ते दोन वर्षांत कळलेलं नाही.
खिडकीच्या जाळीतून एक सांगाडा दिसतो,
त्याच्या डोक्यावर कोणीतरी आरएसपीची टोपी ठेवलीय.

म्हणून खवणेकर बाई सगळे प्रयोग फळ्यावर करतात.
खडूचं चंचुपात्र, खडूची बॅटरी,
खडूच्या दोन पट्ट्या पाण्यात उभ्या.
पाणी निळं आहे असं समजा, म्हणतात.

आम्ही समजतो.
गुरव वॉचमन आहे, दहाला त्याची ड्यूटी.
शमशाद चौतीस वर्षांची, तिची मुलगी सातवीत,
याच इमारतीत, सकाळच्या पाळीला.
आईला कधीकधी लेकीचाच बाक मिळतो
आणि खणात लेकीने विसरलेलं कर्कटक.

मी कुर्ल्याला गिलिटच्या कारखान्यात.
नळ, कड्या, पर्सचे हूक तारेला टांगायचे,
आधी निळ्या टाकीत सोडायचे, मग हिरव्या.
नऊ वर्षं झाली.
निळं समजायची मला काही गरज नव्हती,
माझ्या बनियनवर ते होतंच.

बाईंनी विचारलं, प्रवाह सुरू केला की धनाग्राचं काय होतं?
पंखा कुरकुरत होता.
मी म्हणालो, झिजतं.
अजून शिकवलं नाही, कुठे वाचलंस?
वाचलं नाही बाई. तांब्याची पाटी मीच बदलतो.
बोटाएवढी जाड येते,
पापडासारखी निघते.

मग त्यांनी मला एकेकाची नावं सांगितली.
पाटी म्हणजे धनाग्र. माल म्हणजे ऋणाग्र.
मुनाफशेठ ज्याला ‘करंट पकडला’ म्हणतो,
ते म्हणजे एकेक आयन दोन इलेक्ट्रॉन उचलतो
आणि तांबं होऊन बसतो, जिथे जागा मिळेल तिथे.
मला हसू आलं.
ज्याच्या नावात धन, ते झिजतंय,
आणि चकाकी चढतेय ऋणावर.
बाई म्हणाल्या, असलं पेपरात लिहू नकोस, गुण जातील.

सोमवारी मी लोणच्याच्या बरणीत निळं पाणी नेलं.
सोबत पाटीचा एक तुकडा.
गुरवने टॉर्चमधले सेल काढून दिले.
ऋणाग्र कशाचं करायचं?
शमशादने खणातून कर्कटक काढलं.
त्याचा एक पाय पाण्यात सोडला
आणि अकरा मोठी माणसं एका बाकाभोवती
श्वास धरून वाकली.
पाय गुलाबी झाला. हळूहळू, लाजल्यासारखा.
एरवी मी दिवसाला सहाशे नग काढतो,
एकाकडेही असा बघितला नव्हता.

बाईंनी फळ्यावर लिहिलं: वस्तुमान अक्षय्यतेचा नियम.
काहीच नाहीसं होत नाही.
पाटीवरून गेलं ते कर्कटकावर आलं, हिशेब चोख.
मी विचारलं, आणि पाणी?
जुनं झालेलं पाणी आम्ही रात्री मागच्या नाल्यात सोडतो.
नाला मिठीला मिळतो. तेही नाहीसं होत नसेल मग.
बाईंनी खडू खाली ठेवला.
बोटं पदराला पुसली. पुन्हा खडू उचलला.
हे परीक्षेला नाही, म्हणाल्या,
पण नेहमीच्या आवाजात नाही.

कर्कटक तीनदा धुऊन शमशादने परत खणात ठेवलं.
सकाळी मुलीला एक पाय तांब्याचा सापडेल,
विचारेल, तर आईला उत्तर येतं.

बरणी मात्र माझ्या हातात राहिली.
हात धुवायच्या मोरीपाशी गेलो, झाकण उघडलं,
आणि उभाच राहिलो.
पाण्यावर ट्यूबलाइट हलत होती.
शिपाई म्हणाला, ओत ना, गेट लावायचंय.

झाकण पुन्हा घट्ट लावलं.
आता ती घरी आहे, फळीवर, रॉकेलच्या रिकाम्या डब्यामागे.
प्रयोगवहीत उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण
सगळं लिहून झालंय.
अनुमानाच्या जागी अंगठ्याचा निळा ठसा उमटलाय,
तो मी अजून खोडलेला नाही.